दोन तोंडं नाहीत, पैशांचा पाऊसही नाही : मांडूळ नावाच्या गरीब सापाची खरी गोष्ट

"मांडूळ आहे का? वजन किती? व्हिडिओ पाठवा."

यूट्यूबवर किंवा फेसबुकच्या एखाद्या ग्रुपमध्ये अशी कमेंट तुमच्या नजरेला पडली असेल. व्हिडिओत बहुधा एक जाडसर, तपकिरी, गुळगुळीत साप दिसतो. तो कुणाच्या हातात असतो, नाहीतर थेट वजनकाट्यावर. साप चावत नाही, फणा काढत नाही, पळायचीही फारशी धडपड करत नाही. खाली मात्र लाखांच्या आणि कधीकधी कोटींच्या गप्पा चालू असतात.

हा साप गुप्तधन दाखवतो, याच्यामुळे पैशांचा पाऊस पडतो, याच्यापासून दुर्धर रोगांवर औषध बनतं, याला दोन तोंडं असतात आणि तो सहा महिने एका तोंडाने व सहा महिने दुसऱ्या तोंडाने चालतो, असं सांगितलं जातं. यातलं एकही विधान खरं नाही. तरीही या गोष्टींपायी मांडुळाच्या मागे अख्खं तस्करीचं जाळं लागलं आहे आणि त्यात आपला महाराष्ट्र बराच पुढे आहे.

म्हणून आज या सापाची नीट ओळख करून घेऊ. तो कसा राहतो, काय खातो, शिकार कशी मारतो आणि त्याच्याबद्दल इतक्या अफवा का पसरल्या, ते पाहू.

मांडूळ म्हणजे नेमका कोणता साप?

मराठीत याला मांडूळ किंवा दुतोंड्या म्हणतात. शास्त्रीय नाव एरिक्स जॉनी. पॅट्रिक रसेल या स्कॉटिश डॉक्टर-निसर्ग अभ्यासकाने १८०१ साली या सापाचं शास्त्रीय वर्णन केलं. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडी इथे तेव्हा डॅनिश वसाहत होती. तिथले मिशनरी आणि निसर्ग अभ्यासक क्रिस्टोफ सॅम्युअल जॉन यांचं नाव या सापाला मिळालं. गंमत म्हणजे आपल्या घोणसचं इंग्रजी नाव ज्या 'रसेल'वरून पडलं, तो हाच रसेल. एकाच माणसाचा संबंध आपल्याकडच्या अत्यंत विषारी सापाशीही आहे आणि अत्यंत गरीब सापाशीही.

मांडूळ 'बोआ' गटातलं आहे. दक्षिण अमेरिकेतला प्रचंड अॅनाकोंडा त्याचा दूरचा नातेवाईक. पण आपलं मांडूळ साधारण दोन ते तीन फुटांचं असतं, फार वाढलं तर चार फुटांच्या आसपास. पूर्ण वाढलेल्या बहुतेक मांडुळांचं वजन किलोच्या आतच भरतं. हा वजनाचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कोरडा, भुसभुशीत मातीचा प्रदेश याला आवडतो. भारतातल्या कोरड्या आणि निमकोरड्या भागांत तो आढळतो, शिवाय पाकिस्तान आणि इराणपर्यंत त्याचा पसारा आहे. महाराष्ट्रात माळरानं, शेताचे बांध, उंदरांची बिळं, दगडमातीचे ढिगारे ही त्याची घरं. आयुष्याचा बराच काळ तो मातीखाली काढतो आणि बाहेर पडतो तो बहुतेक संध्याकाळी किंवा रात्री. म्हणून नांगरणी करताना, पाया खणताना किंवा जेसीबीने माती उपसताना तो अचानक समोर येतो.

जमिनीखाली राहण्यासाठी त्याचं शरीर अगदी योग्य आहे. थोबाडाचा पुढचा भाग पाचरीसारखा असतो, त्याने माती बाजूला सारता येते. डोळे बारीक, नाकपुड्या फटीसारख्या. खवले लहान आणि गुळगुळीत, त्यामुळे मातीत घर्षण कमी होतं. मान वेगळी दिसत नाही, डोकं आणि धड एकाच जाडीचं. पिल्लं मात्र वेगळी दिसतात. ती तांबूस-नारिंगी असतात आणि अंगावर, विशेषतः शेपटीकडे, काळे पट्टे असतात. वय वाढतं तसे हे पट्टे बहुतेक पुसट होत जातात.

मग ते दुसरं तोंड?

ते तोंड नाही, शेपटी आहे.

बहुतेक सापांची शेपटी टोकाकडे निमुळती होत जाते. मांडुळाची शेपटी जाड, आखूड आणि टोकाला बोथट असते, जवळजवळ डोक्याच्याच आकाराची. लांबून पाहणाऱ्याला दोन्हीकडे डोकंच आहे असं वाटतं.

आणि तसं वाटावं, यातच मांडुळाचा फायदा आहे. त्याच्याकडे विष नाही, वेग नाही. मुंगूस, शिकारी पक्षी किंवा कुत्रा मागे लागला तर तो अंगाचं वेटोळं करतो, खरं डोकं त्याखाली लपवतो आणि शेपटी थोडी वर उचलून हलवतो. शत्रू शेपटीलाच डोकं समजून तिच्यावर हल्ला करतो. शेपटीला जखम झाली तरी साप जगू शकतो, डोक्याला झाली तर खेळ संपला. म्हणूनच रानात सापडणाऱ्या मोठ्या मांडुळांच्या शेपटीवर जुन्या जखमांचे व्रण दिसू शकतात.

या व्रणांमुळे 'दुसरं तोंड' जास्तच खरं वाटतं. आणि जिथे निसर्गाने काम अर्धवट सोडलं, तिथे माणसाने ते पूर्ण केलं. खेळ दाखवणारे काही लोक मांडुळाच्या शेपटीवर चटके देऊन किंवा चिरा पाडून डोळे आणि तोंड 'काढत' आले आहेत. बघ्यांना दोन तोंडांचा चमत्कार दिसतो, सापाला मात्र यातना होतात.

आता कुणी म्हणेल, "पण दोन डोक्यांचे साप खरंच जन्मतात की!" जन्मतात. घोणस किंवा इतर सापांची अशी पिल्लं अधूनमधून सापडतात. पण ती गर्भातल्या वाढीत झालेली विकृती असते, जुळी मुलं जोडलेली जन्मतात तशी. अशा पिल्लाची दोन्ही डोकी एकाच बाजूला, शेजारी शेजारी असतात. एक डोकं पुढे आणि एक मागे, असा साप असू शकत नाही. साधा विचार करा: अन्न एका टोकाने आत जातं, तर ते बाहेर पडायला वाट नको का?

विष नाही, तर शिकार कशी मारतो?

विळख्याने. मांडूळ बिळाच्या तोंडाशी किंवा मातीत अंग लपवून दबा धरतं. उंदीर टप्प्यात आला की झडप घालून दातांनी पकडतं आणि क्षणात अंगाचे वेढे त्याच्याभोवती आवळतं. अरुंद बिळात वेढे घालायला जागा नसेल तर बिळात शिकार करणारे काही साप भक्ष्याला बिळाच्या भिंतीशी दाबूनही मारतात.

विळख्यात प्राणी गुदमरून मरतो, असं आपण शाळेपासून ऐकलं आहे. पुष्कळ वर्षं अभ्यासकांनाही तसंच वाटत होतं. पण २०१५ साली अमेरिकेत स्कॉट बोबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं. त्यांनी मांडुळाच्या मोठ्या नातेवाइकाला, म्हणजे बोआ कन्स्ट्रिक्टरला, भूल दिलेले उंदीर दिले आणि उंदरांच्या शरीरातला रक्तदाब व हृदयाचे ठोके नोंदवले. विळखा पडल्यावर सहा सेकंदांच्या आत उंदराच्या धमनीतला रक्तदाब जवळपास निम्म्यावर आला. म्हणजे श्वास कोंडायच्या आधीच रक्ताभिसरण थांबायला लागतं. मेंदूला रक्त मिळत नाही, प्राणी काही क्षणांत शुद्ध हरपतो आणि हृदय बंद पडतं.

याच गटाने त्याआधी, २०१२ साली, आणखी एक गोष्ट दाखवली होती. विळखा घातलेला बोआ भक्ष्याच्या हृदयाचे ठोके जाणवत आहेत तोवर दाब ठेवतो आणि ठोके थांबले की सैल सोडतो. विळखा घालणं मेहनतीचं काम आहे, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त वेळ ते करण्यात अर्थ नसतो.

हे सगळं ऐकून घाबरायचं कारण नाही. दोन-तीन फुटांचं मांडूळ माणसाला विळखा घालून काहीही करू शकत नाही. त्याची ताकद उंदरापुरती आहे. आणि शेतकऱ्यासाठी नेमकी तीच कामाची आहे. धान्याची नासाडी करणाऱ्या उंदरांच्या बिळात शिरून त्यांना आणि त्यांच्या पिल्लांना खाणारा हा साप कुठलंही बिल न लावता राखणदारी करतो. मांडूळ माती खातं, ही समजूतही चुकीची आहे. मातीत राहतं म्हणून माती खातं, असा कुणीतरी अंदाज केला आणि तो पसरला.

अंडी नाहीत, थेट पिल्लं

आपला अजगरसुद्धा विळखा घालूनच शिकार करतो. पण अजगराची मादी अंडी घालते आणि त्यांच्याभोवती वेटोळं करून बसते. मांडुळाची मादी अंडी घालत नाही. गर्भ पोटातच वाढतात आणि पूर्ण तयार झालेली पिल्लं पावसाळ्याच्या सुमारास जन्माला येतात. एका वेळी साधारण सहा-आठ, तर कधी चौदापर्यंत. जन्मल्या दिवसापासून पिल्लं स्वतंत्र असतात, आई त्यांना सांभाळत नाही.

मांडुळाच्या शरीरावर उत्क्रांतीची एक खूणही आहे. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना नखीसारखे बारीक काटे असतात, नरामध्ये ते जास्त ठळक दिसतात. सापांच्या पूर्वजांना पाय होते. त्या मागच्या पायांचे हे उरलेले अवशेष. नर मिलनाच्या वेळी त्यांचा उपयोग करतो.

मांडुळाची मादी नरापेक्षा मोठी आणि वजनदार असते. म्हणजे जितका जास्त वजनाचा साप, तितकी ती पिल्लं देणारी मादी असण्याची शक्यता जास्त. आता वजनकाट्याचा तो व्हिडिओ परत आठवा.

मांडुळाचा भाऊ आणि एक जीवघेणी गफलत

महाराष्ट्रात मांडुळाच्या जवळचा आणखी एक साप आहे, डुरक्या घोणस. नावात घोणस असली तरी हाही बिनविषारी आणि विळखा घालणारा बोआच. मांडुळापेक्षा आखूड, अंगावर गडद वेडेवाकडे ठिपके, खवले खरबरीत, शेपटी छोटी आणि टोकाला निमुळती. तो मांडुळाइतका शांत नसतो, छेडला तर झटकन चावतो.

रंगरूपामुळे तो अतिविषारी घोणससारखा दिसतो. या साम्यामुळे दोन्हीकडून घात होतो. कुणी डुरक्याला घोणस समजून ठेचतं. आणि कुणी खऱ्या घोणसला डुरक्या किंवा अजगराचं पिल्लू समजून हातात घेतं. दुसरी चूक जिवावर बेतते.

घोणसच्या पाठीवर साखळीसारख्या, बऱ्यापैकी नियमित लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, डोकं मोठं, त्रिकोणी आणि मानेपासून वेगळं दिसतं, आणि डिवचलं तर कुकरच्या शिटीसारखा मोठा फुत्कार ती टाकते. डुरक्याचे ठिपके अनियमित असतात आणि डोकं धडापासून फारसं वेगळं दिसत नाही. पण हे वाचून साप ओळखायला जाऊ नका. अंधारात, गवतात, घाबरलेल्या अवस्थेत अभ्यासकही चुकू शकतात. खात्री नसेल तर प्रत्येक साप विषारी समजून लांब राहायचं. आणि चावलाच तर मांत्रिकाकडे नाही, थेट दवाखान्यात जायचं.

कोकण-गोव्यापासून केरळपर्यंतच्या पश्चिम किनारपट्टीच्या पट्ट्यात या कुटुंबातला तिसरा सापही आहे, व्हिटेकरचा बोआ. इंद्रनील दास यांनी १९९१ साली त्याचं वर्णन केलं आणि भारतात सापांबद्दल जागृती करणाऱ्या रोम्युलस व्हिटेकर यांचं नाव त्याला दिलं.

पैशांचा पाऊस कुणावर पडतो?

मांडुळाबद्दलच्या जुन्या समजुती भीतीच्या होत्या. हा साप चाटला तर कोड फुटतं, असं म्हणायचे. नव्या समजुती लोभाच्या आहेत. मांडूळ घरात असेल तर भरभराट होते, पूजेत वापरलं तर गुप्तधन सापडतं, परदेशात त्याला कोट्यवधींचा भाव आहे.

हा भाव ठरतो कसा? तर वजनावर. अमुक किलोच्या वर असेल तरच 'काम करतं', असं सांगितलं जातं. यातली युक्ती ओळखा. जे वजन मांडुळाला सहसा गाठताच येत नाही, तेच मागायचं. म्हणजे व्यवहार फसला तर 'वजन कमी पडलं' हे कारण तयार. शेवटच्या ग्राहकाला या सापाचा काय उपयोग, हे साखळीतल्या कुणालाच सांगता येत नाही. प्रत्येकाला एवढंच माहीत असतं की पुढचा कुणीतरी जास्त पैसे देणार आहे. ज्याला खरंच गुप्तधन दाखवणारा साप मिळाला, तो तो विकायला कशाला काढेल, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

वाइल्डलाइफ कन्झर्वेशन सोसायटी – इंडिया या संस्थेने २०१६ ते २०२१ या काळातल्या बातम्या तपासून एक अहवाल तयार केला. त्यात मांडूळ जप्तीच्या १७२ घटना आढळल्या. १८ राज्यं आणि एका केंद्रशासित प्रदेशातल्या ८७ जिल्ह्यांत त्या पसरल्या होत्या. सगळ्यात जास्त, म्हणजे ५९ घटना, एकट्या महाराष्ट्रातल्या. पुणे, ठाणे, मुंबई उपनगर आणि रायगड ही नावं त्यात ठळक होती. दुसऱ्या क्रमांकावर उत्तर प्रदेश, ३३ घटना. म्हणजे ही आडगावातली अंधश्रद्धा नाही, शहरांतला बाजार आहे. आणि या फक्त पकडल्या गेलेल्या आणि बातमी झालेल्या घटना आहेत.

त्याच अहवालात २०२१ मध्ये यूट्यूबवर मांडूळ विक्रीचा प्रचार करणारे २०० व्हिडिओ आढळल्याचं म्हटलं आहे. आपला संबंध इथे येतो. असा व्हिडिओ 'बघा काय चमत्कार' म्हणून फॉरवर्ड करणारा माणूस तस्कर नसतो, पण तस्कराची जाहिरात तो फुकट करत असतो.

या बाजाराचा परिणाम काय होतो? सगळ्यात मोठे, वजनदार साप आधी उचलले जातात, म्हणजे बहुतेक वेळा माद्या. एका मादीबरोबर तिची पुढच्या अनेक पावसाळ्यांतली पिल्लंही जातात. पकडलेले साप पोत्यात, डब्यात, गाडीच्या डिकीत हिंडवले जातात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत मांडूळ आज 'संकटाच्या जवळ' या गटात आहे. एकेकाळी बांधाबांधावर दिसणाऱ्या सापासाठी ही चांगली खूण नाही.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मांडुळाला संरक्षण आहे. त्याला पकडणं, बाळगणं, विकणं आणि विकत घेणं, सगळंच गुन्हा आहे. 'मी फक्त मध्यस्थ होतो' किंवा 'शेतात सापडलं म्हणून ठेवलं' ही सबब चालत नाही. तुरुंगवास आणि दंड दोन्ही होऊ शकतात. आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातही हा साप आहे. शिवाय गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

मांडूळ दिसलं तर?

शेतात किंवा रानात दिसलं तर काहीही करायची गरज नाही. त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या, ते तुमचे उंदीर खाईल.

घरात, विहिरीत किंवा बांधकामावर अडकलं असेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा किंवा वनविभागाशी जोडलेल्या सर्पमित्राला बोलवा. स्वतः उचलू नका. सापडला त्याच परिसरात, सुरक्षित जागी तो सोडला जावा, असा आग्रह धरा. लांब नेऊन अनोळखी जागी सोडलेल्या सापाला ना बीळ माहीत असतं ना भक्ष्य.

फोटो काढलात तर जागेचं नाव टाकू नका. 'आमच्या गावात मांडूळ सापडलं' ही पोस्ट तुमच्यासाठी कौतुकाची असेल, पण पकडणाऱ्यांसाठी तो पत्ता असतो.

विक्रीचा व्हिडिओ किंवा पोस्ट दिसली तर तिथे भांडत बसू नका, कारण कमेंटमुळे ती आणखी लोकांपर्यंत पोहोचते. रिपोर्ट करा, लिंक आणि स्क्रीनशॉट वनविभागाला द्या.

आणि कुणी तुम्हाला "एक पार्टी आहे, मांडूळ असेल तर सांग, लाईफ सेट होईल" म्हणालं, तर त्याला हा लेख पाठवा. मांडुळाला तोंड एकच आहे आणि त्याने ते कुणालाही कोट्यधीश करायचं वचन दिलेलं नाही.